परदेशात मराठी वाचायला ई-पुस्तकांची वर्गणी: कुठली घ्यावी, कुठली सोडावी

सातारा-सांगलीहून शिकायला किंवा नोकरीला परदेशी गेलेले वाचक ई-पुस्तकांची वर्गणी घेताना आधी महिन्याची रक्कम बघतात. खरे तर आधी बघायला हवा तो खात्याचा देश. ई-पुस्तकाचे विक्रीहक्क देशागणिक दिलेले असतात आणि वर्गणीत कुठले पुस्तक ठेवायचे हेही देशागणिक ठरते. त्यामुळे एकाच कंपनीची वर्गणी कराडात भरली तर एक यादी उघडते आणि तोच कराडकर म्युनिकला जाऊन भरू लागला तर दुसरी. मराठी वाचकाला हा फरक जास्त जाचतो. इंग्रजीत एक पुस्तक मिळाले नाही तर त्याच विषयावरची दहा मिळतात. मराठीत हवे ते एक मिळाले नाही की वाचणेच थांबते.

थेट मत सांगायचे तर, जो कायमचा बाहेर स्थायिक झाला आहे आणि ज्याला मुख्यतः मराठीच वाचायचे आहे, त्याने वर्गणी घेऊ नये. पुस्तके सुटी विकत घ्यावीत. ज्याचे खाते अजून भारताचे आहे, त्याने ॲमेझॉनची किंडल अनलिमिटेड ही वर्गणी खुशाल चालू ठेवावी. ज्यांचे डोळे थकतात किंवा ज्यांचा प्रवासात वेळ जातो, त्यांच्यासाठी स्टोरीटेल ही बोलक्या पुस्तकांची सेवा चांगली आहे, पण देशाची अट नीट समजून घेऊन.

किंडल अनलिमिटेड

ही वर्गणी भारतात २०१५ मध्ये आली. किंडलवर मराठी पुस्तके रीतसर आली ती डिसेंबर २०१६ मध्ये. हिंदी, गुजराती, तमिळ आणि मल्याळमही त्याच वेळी. एका वेळी २० पुस्तके जवळ ठेवता येतात, एकविसावे हवे तर आधीचे एक परत करायचे. परतीची तारीख नाही, दंड नाही. वर्गणी थांबली की मात्र ही सगळी पुस्तके उघडायची बंद होतात, आधी डाउनलोड करून ठेवली असली तरी. किंडलच्या दुकानातून विकत घेतलेल्या पुस्तकांना याचा धक्का लागत नाही.

बहुतेकांची तक्रार असते की किंडलवर दिसणारे पुस्तक वर्गणीत नसते. त्याचे कारण समजून घेतले तर अपेक्षा ताळ्यावर राहते. वर्गणीतली बरीचशी पुस्तके लेखकांनी स्वतः चढवलेली असतात. त्यासाठी लेखकाला ॲमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट या योजनेत ९० दिवसांसाठी नाव नोंदवावे लागते आणि तेवढ्या काळात ते ई-पुस्तक दुसऱ्या कुठल्याही दुकानात विकता येत नाही. लेखकाला पैसे मिळतात ते वाचल्या गेलेल्या पानांवर. आता मराठीतला प्रस्थापित प्रकाशक आपले ई-पुस्तक बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानातही ठेवतो, गूगल प्ले बुक्सवरही ठेवतो. त्याला हे बंधन परवडत नाही. म्हणून गाजलेल्या कादंबऱ्या, चरित्रे, अनुवाद हे किंडलवर विकत मिळतात, वर्गणीत क्वचित. वर्गणीत मिळतात ते नव्या लेखकांचे कथासंग्रह, भयकथा, प्रवासवर्णने, आरोग्य आणि गुंतवणुकीवरची पुस्तके, हक्क संपलेले जुने साहित्य. त्यातही वाचण्याजोगे पुष्कळ आहे, पण सातारच्या नगर वाचनालयातल्या कपाटासारखी निवड तिथे असेल असे समजून पैसे भरू नयेत.

हिशेब असा मांडावा. भारतातला दर बरीच वर्षे महिन्याला १६९ रुपये राहिला आहे, म्हणजे वर्षाला २,०२८. मराठी ई-पुस्तक सरासरी १५० रुपयांना धरले तर वर्षात चौदा पुस्तके वाचणाऱ्याची वर्गणी वसूल होते. तीही वर्गणीतलीच असली पाहिजेत. अमेरिकेत २०२३ पासून दर ११.९९ डॉलर आहे. वर्षाचे झाले १४३.८८ डॉलर, वर कर. एक पुस्तक पाच डॉलरचे धरले तर एकोणतीस पुस्तके वाचावी लागतील. फक्त मराठीवर हे जमणे अवघड. घरात इंग्रजी रहस्यकथा वाचणारे कोणी असेल, मुले चित्रपुस्तके वाचत असतील, तर गोष्ट वेगळी.

पैसे भरण्याआधी यादी तपासून घेता येते आणि ते प्रत्येकाने करावे. ज्या देशात राहता त्या देशाचे ॲमेझॉनचे संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडा, किंडलच्या दुकानात जा, बाजूच्या चाळणीत (फिल्टरमध्ये) भाषा मराठी निवडा आणि अनलिमिटेडची खूण करा. एवढ्यावर थांबू नका. अनेक मराठी पुस्तकांची नोंद रोमन लिपीत असते, तीही तीन-तीन प्रकारच्या स्पेलिंगने. काहींची भाषा चुकून हिंदी अशी नोंदवलेली असते. म्हणून पुस्तकाचे नाव देवनागरीत एकदा, रोमनमध्ये दोनदा आणि लेखकाचे आडनाव वेगळे असे शोधा. मनातल्या दहा पुस्तकांची यादी करून हा शोध घेतला तर अर्ध्या तासात उत्तर मिळते. दहांपैकी तीनसुद्धा वर्गणीत नसतील तर सोडून द्या.

पुस्तकाचा नमुना फुकट डाउनलोड होतो, तोही जरूर उघडून बघा. अक्षर मोठे करून पाहायचे: ओळी नव्याने जुळल्या तर पुस्तक ठीक; अक्षराचा आकार बदलता येत नसेल आणि पान नुसते चित्रासारखे मोठे होत असेल, तर ते छापील पानाची प्रतिमा आहे. सहा इंची पडद्यावर ते वाचवत नाही.

देश बदलताना

ॲमेझॉनवर खात्याचा देश बदलण्याची सोय 'मॅनेज युवर कंटेंट अँड डिव्हायसेस' या पानावर, 'प्रेफरन्सेस'मध्ये आहे. तिथे नव्या देशातला पत्ता लागतो. विकत घेतलेली पुस्तके नव्या दुकानात तुमच्याबरोबर येतात. अनलिमिटेडची वर्गणी येत नाही: ती जुन्या देशातून रद्द करायची, महिना संपू द्यायचा, मग देश बदलायचा आणि हवी असल्यास नव्या देशाच्या दराने पुन्हा घ्यायची. उलट क्रमाने केले तर दोन्हीकडचे पैसे कापले जाण्याची आणि उसनी पुस्तके अर्धवट राहण्याची वेळ येते. भारतातल्या खात्यात भेटकार्डाची किंवा ॲमेझॉन पेची रुपयांतली शिल्लक असेल तर ती आधी संपवा, दुसऱ्या देशाच्या दुकानात ती चालत नाही. आणि ज्या मराठी पुस्तकांचा मोह आहे ती देश बदलण्यापूर्वी रुपयांत विकत घेऊन टाका. पुढे तेच पुस्तक नव्या दुकानात महाग दिसेल किंवा दिसणारच नाही.

आखातात आणि सिंगापूरला जाणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. तिथे ॲमेझॉनचे दुकान आहे, पण ते वस्तूंचे. ई-पुस्तकांसाठी अमेरिकेच्या दुकानाकडे वळावे लागते. ब्रिटन, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान इथे किंडलचे स्वतंत्र दुकान आणि वर्गणी दोन्ही आहे.

सहा महिन्यांसाठी लेकीकडे अमेरिकेला निघालेल्या सांगलीच्या आईवडिलांनी यातले काहीही करू नये. खाते भारताचेच राहू द्या. घरच्या वायफायवर वीसही पुस्तके डाउनलोड करून घ्या. ती विमानात, न्यू जर्सीत, कुठेही उघडतात. मुलीने उत्साहाने टॅबलेटवर स्वतःच्या खात्यात लॉगिन करून दिले तर आईची पुस्तके दिसणार नाहीत, एवढे सांभाळा: टॅबलेटवर किंडल ॲपमध्ये आईचेच खाते हवे.

पैसे कसे भरायचे, आणि कुठे अडते

परदेशात गेल्यावर भारतीय वर्गणी बंद पडण्याचे मोठे कारण पैशांची कमतरता नसते, ओटीपी न येणे हे असते. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दर महिन्याच्या आपोआप कपातीसाठी एकदा ओटीपी देऊन संमती नोंदवावी लागते आणि प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी बँक सूचना पाठवते. संमती एकदा नोंदली की पुढच्या लहान रकमांना ओटीपी लागत नाही. पण कार्डाची मुदत संपून नवे आले की संमती पुन्हा द्यावी लागते आणि तो ओटीपी भारतातल्या नंबरावर येतो. म्हणून निघण्यापूर्वी तीन कामे: कार्डाची मुदत तपासा आणि ती परतीच्या आधी संपत असेल तर बँकेतून नवे कार्ड मागून घ्या, मोबाइलवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करा, निदान एसएमएस येण्यापुरते, आणि सिमकार्ड वापराविना सलग ९० दिवस पडू देऊ नका, तसे झाल्यास नंबर बंद होऊ शकतो. रिचार्ज घरच्या माणसाला आठवणीने करायला सांगा.

जे कायदेशीरदृष्ट्या अनिवासी होतात त्यांना आपले नेहमीचे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींचे भारतातले रुपयांतले खाते, करून घ्यावे लागते. एनआरओचे डेबिट कार्ड सहसा भारतातल्या रुपयांतल्या व्यवहारापुरतेच चालते. भारतीय दुकानातून पुस्तक घ्यायला ते पुरते, परदेशी दुकानात नाकारले जाते. २०२३ पासून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग, संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया, ओमान आणि कतार या दहा देशांतल्या मोबाइल नंबरावर एनआरई (परदेशातली कमाई ठेवायचे अनिवासींचे खाते) किंवा एनआरओ खात्याला जोडून यूपीआय घेता येते. बँकेने ही सोय दिली असेल तर सुटी पुस्तके घ्यायला हा सर्वांत सोपा मार्ग आहे. उलट बाजूने, भारतीय क्रेडिट कार्डावर डॉलरमधली वर्गणी भरू नका. चलन बदलण्याचा आकार बहुतेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्यावर जीएसटी वेगळा.

बुकगंगा आणि सुटी खरेदी

बुकगंगा ही वर्गणी नाही, तरीही तिला या परीक्षणात सगळ्यात जास्त गुण द्यावेसे वाटतात. मराठी प्रकाशकांची ई-पुस्तके इथे एका छताखाली मिळतात, देश बदलला म्हणून खाते बदलावे लागत नाही, आणि दिवाळी अंकांच्या ई-आवृत्त्याही मिळतात. दिवाळी अंक हा बाहेरच्या मराठी माणसाचा जिव्हाळ्याचा विषय आहे. छापील अंकांचा गठ्ठा परदेशी पाठवायला अंकांच्या किमतीहून जास्त खर्च येतो आणि तो पोचेतो तुळशीचे लग्न होऊन गेलेले असते. किंडलवर नियतकालिकांची वर्गणी सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली, त्यामुळे तो रस्ता आता धरायचाच नाही.

बुकगंगाची मर्यादा एकच, पण ती मोठी आहे: पुस्तक तिच्याच ॲपमध्ये उघडते. किंडल यंत्रावर ते नेता येत नाही. फोनवर किंवा आयपॅडवर तासभर वाचायची सवय नसेल तर हा अडथळा खरा आहे. त्याला उत्तर म्हणजे अँड्रॉइडवर चालणारे ई-इंकचे, म्हणजे किंडलसारख्या कागदी भासणाऱ्या पडद्याचे यंत्र, उदाहरणार्थ ओनिक्स कंपनीचे बूक्स. त्यावर किंडल, बुकगंगा, गूगल प्ले बुक्स, स्टोरीटेल ही सगळी ॲप एकत्र बसतात. किंमत किंडलपेक्षा बरीच जास्त आणि बॅटरी लवकर उतरते. तरीही दोन-तीन दुकानांतून मराठी वाचणाऱ्याने हेच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त किंडलवर वाचणाऱ्याला त्याची गरज नाही.

गूगल प्ले बुक्सवर मराठी पुस्तके बरी आहेत आणि स्वतःजवळच्या ईपब व पीडीएफ फायली तिथे चढवून सगळ्या उपकरणांवर वाचता येतात. पण प्ले खात्याचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो, आणि बदलण्यासाठी नव्या देशातले कार्ड लागते. सुट्टीत महिनाभर साताऱ्याला आलात आणि पुस्तके स्वस्त मिळावीत म्हणून देश भारत केलात, तर परत गेल्यावर वर्षभर तिथली बँकेची, बसची ॲप मिळताना अडचण येते. हे करू नका.

सुट्या खरेदीलाही एक धोका आहे. दुकान बंद पडले तर? मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तके गेली. कुलूप लावलेले ई-पुस्तक आपल्या मालकीचे पूर्णपणे होत नाही. जे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणार, ते छापील घ्यावे आणि गावी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेत आणावे.

स्टोरीटेल

स्वीडनची ही सेवा भारतात २०१७ मध्ये आली आणि मराठी बोलक्या पुस्तकांसाठी तिच्याइतके काम दुसऱ्या कोणी केलेले दिसत नाही. वाचन बहुतेक ठिकाणी कसलेल्या नटांनी केलेले आहे, ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, आणि काही पुस्तके ऐकता-ऐकता वाचताही येतात. परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या कानावर सकस मराठी पडावी म्हणून आईवडील जे प्रयत्न करतात, त्यात हिचा उपयोग फार होतो. देवनागरी सफाईने न वाचणाऱ्या मुलाला गोष्ट मात्र पूर्ण कळते.

खाते उघडताना निवडलेला देश इथेही कायम राहतो. प्रवासात ऐकता येते. कायमचे दुसरीकडे राहायला गेलात तर तिथल्या देशाचे नवे खाते काढावे लागते आणि त्या देशाची यादी मिळते. अमेरिकेत कंपनी ऑडिओबुक्स डॉट कॉम या वेगळ्या सेवेतून काम करते, तिथे भारतातली यादी मिळेल असे धरून चालू नये. वर्गणी संकेतस्थळावरून भरली तर ती बदलणे आणि थांबवणे सोपे जाते. आयफोनच्या ॲपमधून भरली तर ती ॲपल खात्याच्या देशाला बांधली जाते आणि दोन ठिकाणचा देश जुळत नसला की गोंधळ होतो. चाचणीचा काळ मिळत असेल तर त्यात ऐकत बसण्याआधी यादी चाळा.

प्रतिलिपीबद्दल थोडक्यात. ती कुठल्याही देशात उघडते, मराठी क्रमशः कथांचा तिथे ओघ आहे, आणि पुढचे भाग लवकर वाचायला पैसे पडतात. संपादकाचा हात फिरलेला नसतो, त्यामुळे शुद्धलेखन आणि दर्जा दोन्ही वरखाली होतात. रोज एक भाग वाचायची आवड असेल तर घ्या. स्क्रिब्डवर मराठी पीडीएफ दिसतात म्हणून पैसे भरणाऱ्यांनी थांबावे: त्या वाचकांनी चढवलेल्या फायली असतात, त्यातल्या कितीतरी लेखकाच्या परवानगीविना. त्याच कंपनीची पुस्तकांची वर्गणी २०२३ पासून एव्हरँड या नावाने वेगळी चालते आणि मराठीसाठी ती कामाची नाही.

अक्षर नीट दिसते का?

मराठी 'ल' आणि 'श' यांचे आकार हिंदीपेक्षा वेगळे आहेत, आणि 'दुसऱ्या', 'ऱ्हास' यांतला र अनेक फाँटांत तुटतो. यंत्राचा मूळ फाँट हिंदी वळणाचा असला की पुस्तकभर डोळ्यांना खटकत राहते. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हा फाँट मराठी वळणाचा आहे आणि फुकट मिळतो. किंडल संगणकाला केबलने जोडून त्यातल्या 'फाँट्स' नावाच्या फोल्डरमध्ये फाँटाची फाइल टाकली की अक्षरांच्या यादीत ती दिसू लागते. प्रकाशकाने पुस्तकात स्वतःचा फाँट घातला असेल तर मात्र तोच दिसतो.

फुकट मिळणाऱ्या मजकुराची गत याहून बिकट आहे, कारण तो बहुधा पीडीएफ असतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आपली कितीतरी पुस्तके संकेतस्थळावर मोफत देते, ई-साहित्य प्रतिष्ठान देते, विकिस्रोतावर हक्क संपलेली जुनी पुस्तके टंकलेली मिळतात. वाईत सिद्ध झालेला मराठी विश्वकोशही ऑनलाइन पूर्ण वाचता येतो, एक पैसा न देता. वर्गणीवर पैसे घालण्याआधी सातारकरांनी तर तो नक्की उघडावा. पीडीएफ किंडलला पाठवायची सोय आहे, ई-मेलने ५० एमबीपर्यंत आणि 'सेंड टू किंडल'च्या पानावरून २०० एमबीपर्यंत. पण पाठवताना तिचे ई-पुस्तकात रूपांतर करायचा मोह टाळा. युनिकोडपूर्वीच्या फाँटांत जुळवलेल्या पुस्तकांत प्रत्येक मराठी अक्षरामागे प्रत्यक्षात इंग्रजी चिन्ह दडलेले असते; रूपांतर केले की पानभर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. तपासायची रीत सोपी आहे: पीडीएफमधला एक शब्द कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. मराठी उमटला तर रूपांतर करा, नाही उमटला तर पीडीएफ तशीच ठेवून आठ-दहा इंची पडद्यावर वाचा. लहान पडद्यावर यंत्र आडवे धरले की अर्धे पान रुंदीभर बसते, तेवढे तरी करा.

परदेशातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्डही काढून ठेवावे. लिब्बी ॲपवरून ई-पुस्तके साधारण तीन आठवडे मोफत मिळतात आणि मुदत संपली की आपोआप परत जातात. मराठीसाठी नाही, पण मुलांची इंग्रजी पुस्तके तिथून भागली तर वर्गणीचे पैसे मराठी खरेदीला उरतात. लिब्बीचे पुस्तक किंडल यंत्रावर घेण्याची सोय फक्त अमेरिकेत आहे.

सातारा-सांगलीच्या छोट्या प्रकाशनांची पुस्तके, गावांचे इतिहास, स्थानिक कवींचे संग्रह यांतले फारसे काही कुठल्याच सेवेत नाही. सुट्टीत आल्यावर भिलारच्या पुस्तकांच्या गावात एक दिवस काढला तर हाताळून निवड करता येते; तिथे वाचायला पैसे पडत नाहीत. आवडलेल्या पुस्तकांची नावे लिहून घ्या, ई-आवृत्ती आहे का ते तिथेच फोनवर शोधा, नसलेली साताऱ्यातून छापील घ्या.

वर्गणी थांबवायची ती पुढच्या कपातीच्या दोन-तीन दिवस आधी. किंडल अनलिमिटेड खात्यातल्या सदस्यत्वांच्या पानावरून रद्द होते आणि भरलेला महिना पूर्ण वापरता येतो. यंत्रातून पुस्तक पुसले किंवा ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी रद्द होत नाही, कपात चालूच राहते. रद्द केल्याची ई-मेल येईपर्यंत काम झाले असे समजू नका, आणि कार्डावरची संमती बँकेच्या ॲपमध्येही जाऊन काढून टाका.